बोरखेडची हजेरी

द्वारकाबाईंना आमदार होऊन अडीच वर्षं झाली होती, तरी तेलंगणातल्या तामसीच्या बाजूला त्यांना कोणी आमदार म्हणत नसे. लोक 'बाई' म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी सरहद्दीवरच्या खेड्यांत मराठी शाळा चालवली होती. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या आईबापाची ही लेक घराण्यात पहिल्यांदा शिकली आणि मास्तरीण झाली. पुढे गावानं आग्रह केला म्हणून सरपंच झाली, नंतर जिल्हा परिषदेवर गेली, आणि शेवटी पक्षाला सरहद्दीची मतं हवी होती म्हणून तिला विधानसभेचं तिकीट मिळालं. हैदराबादच्या सभागृहात बाईंची तेलुगू ऐकून काहीजण हसत. बाई त्यांचं हसू संपेपर्यंत थांबत आणि पुढचं वाक्य बोलत. वर्गात इतकी वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

त्या मंगळवारी बोरखेडचा हर्षदीप मास्तर त्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला. तो त्यांचाच विद्यार्थी. हातात एक कागद होता.

"बाई, शाळा बंद करून राह्यले. येत्या सोमवारपासून."

कागदात लिहिलं होतं की बोरखेडच्या प्राथमिक शाळेची पटसंख्या शून्य असल्यामुळे शाळा बंद करून मास्तरांची बदली करण्यात येत आहे.

"शून्य?" बाईंनी चष्मा वर केला. "एकतीस लेकरं हायेत ना रे?"

"हायेत. पन ऑनलाइन फॉर्म भरला तवा माध्यमाच्या रकान्यात तेलुगू, इंग्रजी आन् उर्दू एवढंच होतं. मराठी नव्हतंच. मी रकाना रिकामा सोडला."

"काऊन? तेलुगू दाबायचं होतं ना."

हर्षदीप खाली बघत म्हणाला, "खोटं कसं दाबू, बाई? तुमीच शिकवलं, येत नसलं तर पाटी कोरी ठेवा, पन खोटं लिहू नका."

बाईंनी कागद पुन्हा वाचला. रिकामा रकाना यंत्रानं शून्य धरला होता. त्या शून्यामागे पहिलीतली सहा वर्षांची पोरं होती. त्यांना आता नाला ओलांडून सात किलोमीटर लांबच्या तेलुगू शाळेत जावं लागणार होतं. बाईंना ठाऊक होतं, मुलं दोन दिवस जातील आणि तिसऱ्या दिवशी आईबरोबर कापूस वेचायला लागतील.

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेल्या. अधिकाऱ्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"मॅडम, माहिती लॉक झाली. आता पुढच्या वर्षीच बदलता येईल."

"मुलं तर आजच हायेत. चला माझ्या गाडीत, मोजून घ्या."

"मुलं असतील मॅडम. पण इथं नाहीत ना," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

बाईंनी चहा तसाच ठेवला.

शनिवारी तामसीत नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. मंत्री येणार होते. तिकडचा रिवाज असा, की सरकारी सभा असली की अध्यक्ष स्थानिक आमदारच. पत्रिकेत त्याचं नाव नसलं तर मोठा गहजब होतो. अध्यक्षानं आधी बोलायचं, पाहुण्यानं शेवटी, आणि अध्यक्षाच्या हातातला माईक कोणी मागायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी पक्षाचे जिल्हाध्यक्ष सुधाकरराव यांचा फोन आला. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय ते त्यांना आधी कळे.

"बाई, उद्या त्या शाळेचं नावबी काढू नका. बंद करायची यादी मंत्रीसाहेबांच्याच सहीनं निघाली. दवाखान्यावर दोन शब्द बोला, हार घाला आन् बसा."

"आन् नाई बसली तर?"

"तर पुढच्या टायमाला तिकीट इसरा. मी भाऊ म्हनून सांगून राह्यलो."

"भाऊ म्हनून सांगून राह्यले ना, मंग भाच्यांची शाळाबी वाचवा," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मग त्यांनी हर्षदीपला फोन केला. "हजेरीचं बुक पाठव. तू मात्र येऊ नको, तुझ्या नोकरीवर येईल. लेकरांना त्यांच्या माया घेऊन येतील."

शनिवारी सकाळच्या बसनं बोरखेडच्या बाया मुलांना घेऊन उतरल्या. मुलांना तेल लावून भांग पाडलेला. मंडपात मुलं पुढच्या सतरंजीवर बसली. व्यासपीठावर मंत्री, सुधाकरराव, शिक्षण अधिकारी असे सगळे ओळीनं बसले होते. बाई उठल्या. दवाखान्याबद्दल त्या चांगलं बोलल्या, कारण दवाखाना खरंच हवा होता. मग त्यांनी पिशवीतून हजेरीचं बुक काढलं.

"कागदावर बोरखेडच्या शाळेत शून्य मुलं हायेत. मी मास्तरीण हाय. मला हजेरी घेतल्याबिगर राहवत नाई. रंजीता!"

"हजर बाई!" पुढून एक बारीक आवाज आला.

"करण!"

"हजर बाई!"

मंडपात खसखस पिकली. सुधाकररावांनी बाईंच्या पदराकडे हात केला, पण लोकांनी मोबाईल वर धरलेले पाहून तो हात मागे घेतला. मंत्री हळूच म्हणाले, "कूर्चो अम्मा, बसा ना, नंतर बोलू." बाईंनी मान लववली आणि पुढचं नाव घेतलं. एक एक पोर उभं राहत होतं. हसू थांबलं. बाया बोटांवर मोजू लागल्या.

सतराव्या नावाला कोणी उठलं नाही.

"पूनम?" बाईंनी पुन्हा हाक मारली.

मागून रेणुकाबाई नावाची एक बाई ओरडली, "तिला ताप हाय बाई! घरी निजली!"

"गैरहजर," बाई म्हणाल्या आणि तसं लिहिलं. "ताप उतरला की पाठवा."

शेवटचं नाव झालं. "एकतीस पटावर, तीस हजर. एक आजारी." त्यांनी बुक शिक्षण अधिकाऱ्यासमोर उघडून ठेवलं आणि आपला पेन दिला. "मोजले ना तुमी? मग खाली लिहा, किती होते ते. दस्तखत करा."

अधिकाऱ्यानं मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्र्यांनी मंडपाकडे पाहिलं. तिथं तीनशे माणसं आणि निदान शंभर मोबाईल होते. मंत्र्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"संतकं चेय्यि," ते अधिकाऱ्याला म्हणाले. सही कर, हा तेलुगूतला हुकूम साऱ्या मंडपाला कळला.

अधिकाऱ्यानं आकडा लिहिला, सही केली, तारीख टाकली. मंत्र्यांना भाषणात सांगावंच लागलं की बोरखेडची पुन्हा पडताळणी होईल आणि तोवर शाळा चालू राहील. टाळ्या पडल्या, पण मंत्री हार न घेताच उतरले.

गाड्यांचा ताफा धूळ उडवत गेला. सुधाकरराव मात्र थांबले. पांढऱ्या कपड्यांत घामानं भिजलेले ते बाईंजवळ आले.

"झालं समाधान? सायबांनी गाडीत बसता बसता सांगितलं, या बाईला पुन्हा तिकीट नाई. एका शाळेपायी अख्खं राजकारण बुडवलं तुमी!"

"तिकीट तुमचं हाय, तुमीच ठेवा," बाई म्हणाल्या. मुलांना बसमध्ये चढवता चढवता त्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत होत्या. "पन अडीच वर्षं अजून मीच आमदार हाय. तिसरीतलं पोर तोवर पाचवी करून जाते."

"आन् मग?"

"मग पाहू." शेवटचं पोर चढलं. बाईंनी बसच्या पत्र्यावर थाप मारली आणि बस निघाली. त्या सुधाकररावांकडे वळल्या. "त्या यादीत आपल्याच मतदारसंघातल्या शून्यवाल्या अजून अकरा शाळा हायेत. मी काल रात्री वाचली. सायबांचा आपल्याकडं पुढचा कार्यक्रम कुठं हाय, तेवढं सांगा. अध्यक्ष मीच हाय ना?"