मांडीतून गुडघ्यात

मी एक शीर बोलतेय, रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधून ठेवणारी. जन्माने शीर, कामाने लिगामेंट, आणि सध्या धड ना ही, धड ना ती. फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या उजव्या गुडघ्यात राहते. नऊ महिने झाले, आणि खरं सांगू? वैताग आलाय.

माझं माहेर त्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला. बेचाळीस वर्षं तिथे सुखात होते. गुडघा वाकवायला हातभार लावायचा, एवढंच काम. कोणी माझं नाव घेत नव्हतं आणि मलाही त्याची हौस नव्हती.

मग एके दिवशी मिस्त्रीने घाई केली. टाइलचं खोकं छातीशी धरून जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरला. अंग वळलं, पाऊल वळलं नाही. आत 'कट्' असा आवाज झाला. दोन हाडांना एकमेकांवरून घसरू न देणारी जुनी लिगामेंट तुटली. ती काही पुन्हा सांधता येईना, म्हणून मांडीतली शीर काढून तिथे बसवायची असं डॉक्टरांनी ठरवलं. मला कोणी विचारलं? छे!

मला सोलून काढलं, चार पदरी दुमडलं, टोकांना दोरे शिवले, हाडांना भोकं पाडून त्यातून ओवलं आणि स्क्रूने आवळून टाकलं. बदली झालेल्या माणसाला निदान सामान आवरायला तरी वेळ देतात.

पहिले सहा आठवडे बरे गेले म्हणायचे. कुबड्या होत्या, सूज होती, दुखत होतं, म्हणून सगळे मला जपत होते. व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची, दहा आकडे थांबायचं. मिस्त्री मोजायचा, एक, दोन, चार, सात, दहा! खोलीला किती टाइल लागतील ते दारातून सांगणारा माणूस, पण व्यायामाला बसला की त्याला आकडे आठवेनात.

आता माझी खरी अडचण सांगते. नव्या जागी मला रक्तच मिळेना. आधी मी आतून मरत गेले, मग एकेक धागा करत पुन्हा जिवंत होऊ लागले. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मी सगळ्यात कच्ची होते. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरली, दुखायचं थांबलं, कुबड्या सुटल्या. मिस्त्रीला वाटलं, झालं!

"बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं," बाईंनी बजावलं. "उकिडवं बसायचं नाही, पायावर गिरकी घ्यायची नाही."

"हो हो," मिस्त्री म्हणाला, आणि दहाव्या आठवड्यात 'नुसतं बघून येतो' म्हणत कामावर गेला.

ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा मिस्त्री लावला होता. हे त्याला गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होतं. नवा मिस्त्री जेवायला गेलेला, स्वयंपाकघरात सकाळीच बसवलेली फरशी, आणि घरमालक बघायला आत शिरत होते. आमचा मिस्त्री दारातून ओरडला, "साहेब, पाय ठेवू नका! वरून कोरडी दिसते, खाली सिमेंटचा माल ओला आहे. उद्यापर्यंत थांबा, नाहीतर कायमची हलेल."

मला कान नाहीत, पण हाडातून सगळं ऐकू येतं. म्हटलं, अरे बाबा, मी दहा आठवडे दुसरं काय सांगतेय? पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन मिनिटांत तो शेजारच्या खोलीत कालच्या टाइल ठोकून बघत होता. एक पोकळ वाजली. दुसऱ्याची चूक सापडल्यावर त्याला कुठलं राहवतंय? बसला उकिडवा. टाइल उचकटली, खाली माल भरला, गुडघा टेकवून ती दाबली आणि थापी घ्यायला गर्रकन मागे फिरला.

मी किती ताणले गेले ते माझं मला ठाऊक. तुटले नाही, हे नशीब.

लोक म्हणतात, काहींची अक्कल गुडघ्यात असते. मी तिथेच राहते. सगळीकडे शोधली, नाही सापडली.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. बायकोने विचारलं, "कुठे गेला होतात?"

"कुठे नाही. जरा पाय मोकळे केले."

"पाय मोकळे करताना गुडघ्याला सिमेंट लागतं?"

मिस्त्री गुडघा झटकू लागला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, हे आजवर नुसतं ऐकलं होतं. माझ्याच घरात निघाला!" एवढं बोलून तिने त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. "तुम्हाला पुन्हा भिंत धरून न्हाणीघरात जाताना मला नाही बघवणार."

मग काय, ये रे माझ्या मागल्या. पुन्हा बर्फ, पुन्हा टॉवेल. त्या एका टाइलपायी दोन महिने वाया गेले.

परवा बाईंनी एका पायावर उडी मारायला लावली. डाव्या पायाने एकशे वीस सेंटिमीटर, उजव्याने पंच्याऐंशी. मिस्त्रीचा बाईंच्या टेपवर विश्वास बसेना. खिशातली स्वतःची टेप काढून मोजलं. तेवढंच भरलं.

"अजून तीन महिने काम नाही," बाई म्हणाल्या.

"नऊ महिन्यांत मूल होतं बाई! माझा एक गुडघा होत नाही?"

"मूल तरी नऊ महिन्यांत धावतं का हो?"

मग त्याने इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारला. "गुडघे टेकून पुन्हा काम करता येईल ना?"

"येईल. पण पूर्वीसारखं दिवसभर नाही. अधूनमधून उठावं लागेल."

 घरी येताना बसमध्ये जागा असूनही उभा राहिला. त्याला राग आला होता आणि मलाही. मी जुन्या लिगामेंटसारखी होणार नाही, हे मलाही आवडत नाही. पण जे होता येईल ते होतेय, रोज थोडी थोडी. माझ्याने याहून लवकर होत नाही.

मिस्त्री, तुला एकच विनंती. मी तुटले, तर डॉक्टर तुझ्या डाव्या मांडीतली शीर काढतील. ती माझी जुळी बहीण. तिला यातलं काही माहीत नाही. तुला रोज जिना चढवते आणि म्हातारपण तिथेच जाईल अशा समजुतीत आहे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी थांब.