तुमची गजाला

राजापेठेतल्या त्या रोपवाटिकेच्या ऑफिसात चौघी पोरी कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं देत. चौघींच्या पडद्यावर रांग एकच; जिचे हात मोकळे, तिनं उत्तर द्यायचं. आणि प्रश्न तरी काय, दिवसभर एकच: मिरचीचं रोप कधी येते? लिहून लिहून बोटं दुखायला लागली, तेव्हा गजालानं युक्ती काढली. निरोप एकदाच लिहून साठवून ठेवला. मग नुसतं 'गा' दाबलं की अख्खा मजकूर हजर: 'काळजी नोका करू जी. गाडी उद्या निघते. वाफे भिजवून ठेवा. तुमची गजाला.'

मालक देवानंद भलताच खूश. "असं लिहा लोकायले! कंपनीवानी नाई, घरच्यावानी." झालं, चौघीही तोच निरोप वापरू लागल्या. खालचं नाव बदलायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता निरोप गोड असून काय उपयोग, रोप तर पाहिजे! तो उन्हाळा असा की नांदगाव पेठजवळच्या शेडमधली सगळी रोपं करपली. "नवीन रोप तयार होईस्तोवर तोच निरोप चालू द्या," देवानंद म्हणाला, "खरं सांगितलं तं गिऱ्हाईक पळते." गजालाला ते पटलं नाही. बोटं मात्र आपली 'गा' दाबतच होती.

एका दुपारी चांदूर बाजारच्या माणिकबाईंचा मेसेज आला. 'गजाला बाई, विहिरीत आता एकाच वेळेपुरतं पानी उरलं. संत्र्याले देऊ का वाफ्याईले? मोटरची लाईन आली हाये. तू म्हनशीन तसं.'

गजालानं वरचे मेसेज पाहिले. कधी शकुननं, कधी शाहीननं, कधी तिनं स्वतः, चौघींपैकी रोज कोणीतरी तोच निरोप पाठवला होता. आणि रोज खाली माणिकबाई: 'भिजवले बाई.' 'आजबी भिजवले. तू जेवली का?'

रिकामे वाफे! विहीर आटेस्तोवर बाई रिकामे वाफे भिजवत बसली होती, अन् संत्र्याची बाग उभी वाळत होती. गजालानं आपला मोबाईल उचलला, नंबर लावला. रिंग जात होती. उचला ना, या अल्लाह, उचला!

"हॅलो, कोन?"

"मावशी, मी गजाला! वाफे नोका भिजवू. पानी संत्र्याले द्या. गाडी नाई येत उद्या, रोपंच नाई आमच्याजवळ!"

"अवं, काय सांगून राहिली?" माणिकबाई घाबरल्या. "थांब जरा. मेसेज वाजला."

गजालानं गर्रकन मान वळवली. शेजारच्या खुर्चीवर शकुन वाट पाहणारे मेसेज भराभर उरकत होती.

"काळजी नोका करू जी," माणिकबाई सावकाश वाचू लागल्या. "गाडी उद्या निघते..."

"मावशी, तो म्या नाई लिहिला! ते बटन हाये, कोनीबी दाबते!"

"बटन?" माणिकबाईंचा आवाज एकदम चढला. "रोज लिहिते मले ते पोरगी. घरचं कोनी इतकं इचारत नाई. तू कोनत्या दुकानाची वं? आमची गाडी मोडून आपलं रोप इकाले पाह्यतं काय? लाज नाई वाटत गरीब पोरीचं नाव घ्याले?"

"मावशी, खुदा की कसम, मीच गजाला..."

पण बाईंनी फोन कानावरून काढला होता. बंद करायचा मात्र राहिला. गजालाला तिकडून खटका दाबल्याचा आवाज आला आणि मोटर सुरू झाली.