माझ्या कुंकवावर आलेला आळ

माझ्या सुनेच्या पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके पडले आणि ते माझ्या हळदीकुंकवाने पडले, असं आमच्या घरात ठरलं. ठरलं म्हणजे माझ्या मुलाने, विनीतने ठरवलं. सून संचिता काही बोलली नाही. माझे यजमान मारुतीराव पेपरात डोकं घालून बसले. आमच्या घरात ठराव एकमताने पास होतो तो असाच.

झालं होतं असं. मागच्या वर्षी संचिताने स्वतःच्या कमाईतून नवी गाडी घेतली आणि पंधरा दिवसांत दसरा आला. आता दसऱ्याला गाडीची पूजा नाही करायची तर कधी करायची? मी सकाळी खाली उतरले, चारी चाकांना हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला आणि ओलं कुंकू घेऊन बॉनेटवर छानपैकी स्वस्तिक काढलं. वर बजावलं, "दिवाळीपर्यंत कुणी पुसायचं नाही हं." कुणी पुसलं नाही.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ठिपके दिसायला लागले. मोहरीहून बारीक, आणि रंग अगदी हळदीत कुंकू मिसळल्यासारखा. आधी बॉनेटवर, मग टपावर, मग दारांवर. विनीत म्हणाला, "आई, बघ तुझं कुंकू. उडून सगळीकडे बसलंय." मी म्हटलं, "अरे, टपापर्यंत माझा हात तरी पोचतो का?" माझी उंची चार फूट दहा इंच. त्यावर हा म्हणे, वाऱ्याने उडालं. पावसाळ्यात ठिपके वाढले तर म्हणे, आत मुरतंय. कुंकू काय मुरांबा आहे मुरायला?

मग त्याने उपाय सुरू केले. शाम्पू झाला, टूथपेस्ट झाली, लिंबू झालं. चिंच आणि काथ्या घेऊन निघाला होता, तेव्हा संचिताने त्याला जिन्यातून परत आणलं. ठिपके जागचे हलले नाहीत. शेवटी या शहाण्याने काय करावं? बॉनेटचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'गाडीची पूजा करताना काळजी घ्या. हळदकुंकवाने रंग कायमचा खराब होतो.' खाली तेवीस जणांचे अंगठे. दुसऱ्या दिवशी भजनाला गेले तर बी विंगमधली वल्लरी मला समजावते, "काकी, तुम्ही चंदन लावत जा, सेफ असतं." माझ्या नाकाला अशी मिरची झोंबली म्हणता!

पण खरं सांगू? विनीतचं मला एवढं लागलं नाही. तो लहानपणापासून फटकळ, माझ्यावर गेलाय. मला लागलं ते संचिताचं गप्प राहणं. वर्ष होत आलं, पण तिने त्या ठिपक्यांबद्दल माझ्याकडे एक शब्द काढला नव्हता. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. ती रोज सकाळी गाडीवरून मऊ कपडा फिरवायची, बॉनेटपाशी जरा थांबायची आणि निघायची घोडबंदर रोडला ऑफिसात. मी वरून गॅलरीतून बघायचे. आता पुन्हा दसरा तोंडावर आला होता. तिने पूजेचं विचारलं नव्हतं आणि मी काही स्वतःहून विचारणारी नव्हे. तिने बोलावलं नाही तर यंदा खाली उतरायचंच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण तिने बोलवावं असं मला इतकं वाटत होतं, की बाजारात झेंडूचे ढीग दिसले तरी मी तोंड फिरवायचे.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी संचिता म्हणाली, "आई, मी गाडी साफ करायला घेऊन चाललेय, घोडबंदरला. येता का? वाटेत तुम्हाला वर्तकनगरला मावशींकडे सोडते." वर्तकनगरला माझी धाकटी बहीण असते. मी साडी बदलली आणि निघाले. पण माजिवड्याच्या अलीकडे गाड्या अशा तुंबल्या, की संचिताला दिलेली वेळ टळायला आली. मी म्हटलं, "अगं, आधी तुझ्या कामाला चल. बहीण कुठे पळून जातेय?"

घोडबंदर रोडच्या त्या उंच उंच टॉवरांच्या मागे अजून एक गावठाण शिल्लक आहे. तिथे चर्चच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये डिलनचं वर्कशॉप. डिलन तिशीचा असेल. संचिताच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं होतं. त्याने मला खुर्ची दिली, गाडी सावलीत घेऊन साबणाने धुतली आणि वाकून ठिपके बघायला लागला.

"हे हळदकुंकवाचे डाग आहेत म्हणतात," मी म्हटलं. 'म्हणतात'वर जोर दिला.

"कोण म्हणते, आंटी?"

"माझा मुलगा."

"तो पेंटचं काम करते?"

"बँकेत आहे."

डिलन हसला. त्याने एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी घेतली, माझा हात तीत घातला आणि म्हणाला, "आता फिरवा हात, हलका." मी बॉनेटवर हात फिरवला. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारी गाडी पिशवीतून रव्यासारखी खरखरीत लागत होती. मी टपाच्या कडेवरून फिरवला, दारावरून फिरवला. सगळीकडे रवा.

"गाडी लावता कुठे?" त्याने संचिताला विचारलं.

"शहाडला. आमच्या पार्किंगची भिंत रेल्वेलाईनला लागून आहे."

"मग झालं. हे लोखंड हाय. ट्रेन ब्रेक मारते ना, तेव्हा चाकाचा नि पटरीचा बारीक कीस उडते. तो पेंटवर बसते, आत रुतते, पावसात गंजते. कितीबी साबण लावा, नाय निघणार."

त्याने गाडीवर पाण्यासारखं काहीतरी फवारलं. सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. मी पदर नाकाला लावला आणि बघते तर काय, एकेका ठिपक्याखाली जांभळा रंग फुटायला लागला. मिनिटा-दोन मिनिटांत पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहायला लागले. चाकांवर तर नुसता जांभळांचा रस. तिथे गाडीच्या स्वतःच्या ब्रेकचाही कीस असतो, डिलन म्हणाला. आणि जी बाजू रोज रेल्वेच्या भिंतीकडे असते, ती दुसरीपेक्षा दुप्पट जांभळी झाली होती.

मी खुर्चीतून उठले. "हे सगळं लोखंड?"

"सगळं. जांभळं होते ते लोखंड. कुंकू असं जांभळं नाय होत, आंटी."

"थांब. परत बोल." मी संचिताला विनीतला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि डिलनला फोनपुढे उभं केलं. बिचाऱ्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. विनीतचा चेहरा बघण्यासारखा झाला. मागून मारुतीरावांचा आवाज आला, "आपल्या रेल्वेचं लोखंड?" त्यात काळजीपेक्षा कौतुकच जास्त होतं. ते चौतीस वर्षं रेल्वेत फिटर होते, आणि भिंतीलगतची ती पार्किंगची जागा त्यांनीच हट्टाने मागून घेतली होती, मालगाड्या बघता येतात म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी विनीतला म्हटलं, "आता हा व्हिडिओ टाक ग्रुपवर. आणि वल्लरीने बघितला का ते मला सांग."

मला एवढा आनंद झाला होता, की मी डिलनला त्याच्या घरचं सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, "आमच्यात पण नवी गाडी फादर ब्लेस करतात, होली वॉटर मारतात. ममा पुसू देत नाय. मग ती मासळी आणायला गेली की मी गुपचूप डाग काढते." मला त्याची ममा न बघताच आवडली.

त्याने पाणी मारलं तसे जांभळे ओघळ धुऊन गेले. उरलेसुरले कण त्याने कणकेच्या गोळ्यासारखी कसली तरी मऊ माती फिरवून उचलले. गाडी शोरूममधून आणली तेव्हा होती तशी पांढरीशुभ्र झाली. संचिता आणि तो मागच्या चाकापाशी काहीतरी बघत होते. मी कौतुकाने पुढे गेले, आणि तिरप्या उजेडात मला बॉनेटवर ते दिसलं. फिकट गुलाबी, दिसेल न दिसेल असं, माझ्या तळव्याएवढं स्वस्तिक.

ते काही रेल्वेने काढलेलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू, मी आधी इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मूग गिळून बसले असते तर घरी जिंकूनच गेले असते. पण वर्षभर मी दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा भोगली म्हणून धुसफुसत होते. आता स्वतःचा झाकला तर मला पुढे बोलायला तोंड राहिलं नसतं, आणि न बोलता मी जगायची कशी?

"संचिता, इकडे ये," मी हाक मारली. "हे बघ. हे एक मात्र माझं आहे."

ती आली, पण वाकून बघितलंसुद्धा नाही. "माहितीये मला, आई. दिवाळीला पुसलं तेव्हापासून माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर यंदा तुम्ही खालीच उतरला नसता. मी काय तुम्हाला ओळखत नाही? विनीतने ग्रुपवर टाकलं, तेव्हा मी त्याच्याशी तीन दिवस बोलले नव्हते. एक जण गप्प बसत नाही, म्हटलं आपण तरी बसावं."

मी वर्षभर तिचं मौन रागाचं समजत होते आणि ती ते माझ्यासाठी सांभाळत होती. मला स्वतःची लाज वाटली आणि संचिता फार आवडली, दोन्ही एकदम.

डिलन हातात पॉलिशचं मशीन घेऊन आला. "हे दोन मिनिटात जाईल. काढू की ठेवू?"

मी संचिताकडे पाहिलं. वाटलं, माझं मन राखायला ती 'राहू दे' म्हणेल.

"काढ," ती म्हणाली. "एकदम साफ काढ. गुरुवारी दसरा आहे. आईंना नवीन काढायला जागा नको का?"

मला रडू आलं. लपवायला गेले नाही. डिलनने खुर्ची पुढे सरकवली आणि मशीन सुरू करण्याआधी हळूच म्हणाला, "पण या टायमाला संध्याकाळी पुसून टाकायचं हां, आंटी. दिवाळीपर्यंत नाय." मी मान हलवली. कुणाचं इतक्या सहज ऐकायची मला सवय नाही.

"आई," संचिताने विचारलं, "किती वाजता करायची पूजा?"

"सातला," मी डोळे पुसत म्हटलं. "आणि आंघोळ करून ये. मागच्या वर्षी पायजम्यात उभी होतीस, मी बोलले नाही म्हणून मला दिसलं नाही असं समजू नकोस."

"हो, आई," ती म्हणाली.