आई बसली की दाब पडतो

त्याला सगळे टर्बो म्हणत. मागेही सीट असलेल्या त्याच्या छोट्या पेट्रोल-ट्रकच्या इंजिनावर त्याने हौसेने जे यंत्र बसवलं होतं, ते टर्बो नव्हतं, सुपरचार्जर होतं. आणि हा फरक तो दिसेल त्याला पकडून समजावून सांगे. म्हणूनच लोकांनी नाव टर्बो ठेवलं. इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, तिला जोडून जास्तीचं पेट्रोल पाजायचं, की ट्रक उधळतो, एवढंच त्या यंत्राचं तत्त्वज्ञान. ते त्याच्या बायकोला कधीच पाठ झालं होतं. घराला लागून असलेलं गॅरेज तीच चालवत होती, पण लग्नाचा नवरा सांगतोय म्हटल्यावर तिने ते नव्याने ऐकून घेतलं.

तर हा उधळणारा ट्रक सलग तीन रविवार टेकडीच्या चढावर धापा टाकून बसला. पेट्रोलचा दाब एकदम पडायचा. तिन्ही वेळा शेजारच्या सीटवर त्याची आई होती. एरवी टर्बो एकटाच त्याच चढावर जाऊन यायचा, तेव्हा ट्रक गुणी बाळासारखा वागायचा.

टर्बोने निष्कर्ष काढला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"आई बसली की दाब पडतो!"

घरभर हशा पिकला. सासूबाईही हसल्या. आख्खी बाई मूठभर, ओल्या लुगड्यासकट तोलली तरी काटा हलायचा नाही. पण शनिवारी भाजी निवडताना त्या सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून मी नाही जात. चढ सोसत नाही आता."

सोसत नाही म्हणे! टेकडीवर त्यांची थोरली बहीण राहायची. तिला दिसत नव्हतं. वर जायला दुसरं वाहन नव्हतं, आणि रविवारची एवढी एक भेट दोघींच्या हातात उरली होती. सुनेला राग आला, आणि तो नवऱ्याचाच आला.

सकाळी तिने पेट्रोलच्या नळीला दाबमापक जोडला, त्याची लांब नळी बाहेरून फिरवून काटा समोरच्या काचेवर चिकटपट्टीने बसवला. शेजारी टर्बोला घेऊन चढ चढली. काटा जागचा हलला नाही.

"बघ," टर्बो म्हणाला. स्वतःच्या ट्रकमधली चूक न सापडल्याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

मग त्यानेच डोकं चालवलं. आईच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं, वर पट्टाही बांधला. ट्रक पोत्यालाही घेऊन सुरळीत चढला.

"म्हणजे वजनाचा प्रश्न नाही," टर्बो गंभीरपणे म्हणाला. "आईचाच आहे."

सुनेने ट्रक खाली आणला. पोतं उतरवलं, टर्बोला मागच्या सीटवर ढकललं आणि सासूबाईंना हाताला धरून पुढे बसवलं. अर्ध्या चढावर काटा घरंगळला. इंजिन खोकू लागलं. तिने ट्रक कडेला घेतला, पण इंजिन चालूच ठेवलं.

"सांगितलं नव्हतं?" मागून आवाज आला.

सासूबाईंचा चेहरा पडला. त्या मुकाट्याने दार उघडू लागल्या.

"बसा आई. आत बसल्यावर तुम्ही काय काय करता ते सांगा."

"मी काय करणार? पट्टा लावते. मग त्या गरम गादीचं बटण दाबते. माझ्या कमरेसाठी गेल्या महिन्यात त्यानेच बसवलीय ना. चटके बसतात गं, पण नाही दाबलं तर रुसतो."

सुनेने बटण बंद केलं आणि जागीच ॲक्सिलरेटर दाबला. काटा वर जाऊन टिकला. बटण सुरू केलं, तोच पाय, तोच आवाज, आणि काटा खाली.

तिने इंजिन बंद करून सीटखाली हात घातला. गादीची वायर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून थेट पेट्रोलपंपाच्या वायरीवर पिळली होती. गादी तापायची आणि पंप उपाशी राहायचा. वाळूच्या पोत्याला कंबर नव्हती, म्हणून त्याने बटण दाबलं नव्हतं.

"ही जोडणी कुणाची?"

"जवळची वायर तीच होती," टर्बो पुटपुटला. काखेत कळसा घेऊन तीन रविवार गावाला वळसा घातलेला माणूस जसा दिसावा, तसाच तो दिसत होता. "गंमत केली गं आई."

"गंमत कळते रे मला," सासूबाई म्हणाल्या. "पण तीन रविवार ताई दारात बसून राहिली. आणि मला वाटायला लागलं, खरंच माझंच काहीतरी आहे."

सुनेने गादीची वायर तोडली, पंपाच्या वायरीला नीट पट्टी बांधली आणि किल्ली फिरवली.

सासूबाई मागे वळल्या. "तू उतर."

"मी? का?"

"चालत ये मागून. तू नसलास की दाब किती राहतो, तेही एकदा बघून घेऊ."

टर्बो उतरला. काटा वरपर्यंत तसूभरही हलला नाही.