माझ्या नटावरची लाल रेघ

मित्रांनो, मी गरम पाण्याचा एक तयार संच आहे. जुना नाही, बरं का! जुना म्हणवून घ्यायला मला अजून पुष्कळ हिवाळे काढायचे आहेत, आणि ते मी काढणारच. पण एवढ्याशा आयुष्यात मी जितकी बोलणी खाल्ली, तितकी एखाद्या आडमुठ्या बैलानेही खाल्ली नसतील. कुणी मला डबा म्हणालं, कुणी खोकं म्हणालं. म्हणू द्या. मी ऐकून घेणाऱ्यांतला नाही, म्हणून तर आज तुमच्यापुढे बोलायला उभा आहे.

मी आहे तरी कसा? एका लोखंडी चौकटीवर पाण्याची टाकी, पाणी तापवणारी कॉइल, ते पाणी नळ्यांतून खेळवणारे दोन पंप, व्हॉल्व्ह, दाब दाखवणारं घड्याळ आणि विजेची पेटी. सगळं आधीच जोडलेलं, तारासुद्धा ओढलेल्या. जागेवर नेऊन ठेवायचं, पाणी आणि वीज द्यायची, की मी कामाला लागलो.

माझा जन्म नागपूरजवळच्या एका कारखान्यातला. तिथे दिव्यानी नावाची मुलगी तपासणीला होती. तिने माझ्यात पाणी भरलं, दाब चढवला आणि मला तसंच फुगवून ठेवलं. अहो, जीव नुसता घुसमटला! पण एक थेंब खाली पडू दिला असेल तर शपथ. मग तिने माझ्या प्रत्येक नटावर लाल रंगाची एक रेघ ओढली, निम्मी नटावर, निम्मी नळीवर. रेघ सरळ असेल तर नट जागचा हललेला नाही. रेघ तुटली, तर समजायचं की कुणीतरी हात घातला. त्या रेघांचा मला भारी तोरा होता, आजही आहे.

मला मागवलं चंद्रपूरच्या नूतनबाईंनी. दवाखाने, वसतिगृहं अशा ठिकाणी गरम पाण्याची आणि खोल्या ऊबदार ठेवायची कामं त्या घेतात. हा धंदा त्यांच्या वडिलांचा, खुशालभाऊंचा. त्यांच्या वेळची रीत वेगळी होती, आणि नूतनबाईंनीही ती बरीच वर्षं चालवली. पंप एका दुकानातला, नळ्या दुसऱ्या दुकानातल्या, पेटी तिसऱ्याकडची, आणि जागेवर बसून आठवडेच्या आठवडे तुकडे जोडायचे. गळलं की पंपवाला म्हणे नळ्या वाईट, नळीवाला म्हणे पंप वाईट, आणि शिव्या खायच्या नूतनबाईंनी. त्यात धानाची मळणी सुरू झाली की निम्मे मजूर गावाकडे पसार. थंडीचं काम ऐन थंडीत अडून बसे. शेवटी बाई कंटाळल्या. जोडाजोड कारखान्यात होऊ दे, आपण फक्त नीट बसवू, आणि काही बिघडलं तर एकालाच जाब विचारू, असं त्यांनी ठरवलं.

हे ज्यांना मुळीच पटलं नाही ते भैयाजी. खुशालभाऊंच्या हाताखाली तयार झालेले जुने फिटर. मला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "रेडिमेड पँट कोनाच्या कमरेले बरोबर बसते का बाई? हे तर अख्खं मशीन हाय!"

भैयाजींचा एक नेमच होता. दुसऱ्याने केलेला जोड दिसला की तो उघडायचा, सुतळी गुंडाळायची, गळू नये म्हणून वरून सफेद्याचा लेप फासायचा आणि आपल्या हाताने पुन्हा आवळायचा. खुशालभाऊंनी त्यांना तसंच शिकवलं होतं. तुकड्या-तुकड्यांच्या कामात ते बरोबरही असेल. पण मी काय तुकडा होतो?

आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात एक छोटा दवाखाना आहे. मला तिथेच बसवायचं होतं, पण माझी खोली बांधून व्हायची होती, म्हणून अख्खा पावसाळा मी तिथल्या अंगणात ताडपत्रीखाली काढला. कोंबड्या माझ्या डोक्यावर बसत. माझ्या आडोशाला एका कुत्रीने पिलं घातली. येणारा-जाणारा विचारी, "हा डबा कोनाचा?" मी मनात म्हणे, थांबा, थंडी पडू द्या.

आणि थंडी पडली. अशी की सकाळी बादलीत हात घालवत नव्हता. बाळंतिणींच्या खोलीत आधी शेगडी ठेवत, पण धुराने लेकरं खोकू लागली तेव्हा डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी ती बंद केली. त्याच दिवसांत सुकरी नावाची पोरगी दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण इतकीशी, की आईच्या छातीला बांधूनच ठेवलेली. मला बसवायला भल्या सकाळी आलेल्या नूतनबाईंना डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, "संध्याकाळपर्यंत खोली गरम झाली तर ठीक. नाही तर या दोघींना गडचिरोलीला पाठवावं लागेल." तो रस्ता, ते खड्डे, ती थंडी आणि ते मूठभर लेकरू! सुकरीची सासू बुधरी दाराशी बसून राहिली.

"संध्याकाळच्या आत करून देऊ," नूतनबाई म्हणाल्या.

मला लगेच माझ्या नव्या खोलीत बसवलं. दुपारपर्यंत बाळंतिणींच्या वॉर्डात भिंतीलगत फिरवलेल्या नळ्या मला जोडूनही झाल्या. त्या जुन्या पद्धतीने इतक्यात चौकटसुद्धा उभी राहिली नसती! बाई वॉर्डातल्या नळ्या बघायला गेल्या आणि भैयाजी पाना घेऊन माझ्याजवळ आले. अहो भैयाजी, नका! मला तोंड असतं तर दवाखाना दणाणून सोडला असता. पण त्यांनी माझे दोन जोड उघडले, आतले पाणी अडवणारे रबरी वायसर काढले, सुतळी गुंडाळली, सफेदा फासला आणि समाधानाने मान हलवली.

पाणी सोडलं. आधी थेंब आला, मग धार लागली. दाब उतरताच माझ्या पेटीने पंप बंद करून टाकले. तिला कारखान्यात तेच शिकवलं होतं. खोलीच्या दारात माणसं जमली.

"खोटा निघाला डब्बा."

"मी म्हनलं होतं ना बाई?" भैयाजी म्हणाले.

धावत आलेल्या नूतनबाईंचा चेहरा पडला. डॉक्टरबाईंनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. बुधरीने मुकाट्याने गाठोडं बांधायला घेतलं. मित्रांनो, माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी गळत नव्हतो हो! मला गळवलं होतं!

नूतनबाईंनी हार मानली नाही. एक फडकं घेतलं आणि माझा एकेक जोड पुसत निघाल्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"भैयाजीभाऊ, इकडं या. जिथी रेघ सरळ हाय तिथी कोरडं हाय. जिथी तुटली तिथीच गळून राह्यलं. काऊन उघडलं?"

भैयाजींनी खाली पाहिलं. "आदत हाय बाई. खुशालभाऊनं शिकवलं मले."

"बाबांच्या वक्ताले कोनी जोड तपासून देत नव्हतं, भाऊ. आता देतात. माझ्या बाबाचं नाव घेऊन त्या लेकराले गाडीत नका बसवू!" बाईंनी हात पुढे केला. "वायसर कुठी फेकले?"

भैयाजींचा हात हळूच खिशाकडे गेला. काही म्हणा, जुना फिटर कधी काही फेकून देत नाही. दोन्ही वायसर त्यांच्या खिशात होते. त्यांनी सुतळी ओरबाडून काढली, जोड घासून पुसले, वायसर बसवले आणि नट आवळले. मी दाब घेतला. एक थेंब नाही! पंप गुणगुणायला लागले, कॉइल तापली, आणि ऊन सागाच्या शेंड्यांवर असतानाच मी वॉर्डातल्या नळ्यांत ऊब सोडली. डॉक्टरबाईंनी नळीवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाल्या, "गाडी परत लावा. बुधरीबाई, सोडा ते गाठोडं."

बुधरी तेव्हा रडली.

पुढची गंमत ऐका. भैयाजी लाल रंग शोधत दवाखानाभर फिरले. रंग मिळेना, तेव्हा वच्छला सिस्टरांनी आपलं नखपॉलिश दिलं. ते गुलाबी होतं. भैयाजींनी चष्मा लावून माझ्या त्या दोन नटांवर गुलाबी रेघा ओढल्या. जरा वाकड्या आल्या आहेत, पण चालतील.

परवा एक नवा मेकॅनिक आला आणि आल्या आल्या पाना काढला. भैयाजी दारातून ओरडले, "थांब! हात नको लावू त्याले. पह्यले रेघ पाह्य!" मला इतकं हसू आलं, की पंपाचा सूरच बदलला.

तर मित्रांनो, माझी जरूर काळजी घ्या. माझी गाळणी धूत जा, धूळ पुसत जा, माझ्या खोलीत पोती आणि झाडू कोंबू नका. पण रेघ सरळ असेल तर पाना खिशातच ठेवा. आणि एवढं ऐकूनही मला डबा म्हणायचंच असेल, तर खुशाल म्हणा. फक्त सुकरी लस टोचायला येईल तेव्हा या. तिची पोरगी आता धरून धरून उभी राहते, आणि आल्या आल्या माझी नळीच धरते. तिच्यासमोर म्हणून दाखवा.