पहिले चार सेकंद

मी एक जुनी लाँड्रीची व्हॅन आहे. मित्रांनो, गाडीला कशाची भीती वाटत असेल असे कोणी विचारले, तर तुम्ही खड्ड्यांची म्हणाल, चढाची म्हणाल, आरशात न बघता वळणाऱ्या ट्रकची म्हणाल. गेले काही दिवस मला सकाळची भीती वाटायची. रात्रभर गार पडलेल्या इंजिनात किल्ली फिरली की पहिले चार सेकंद माझ्या पोटातून असा खडखडाट निघायचा, की माझी मलाच लाज वाटायची. पाचव्या सेकंदाला मी अगदी शहाण्यासारखी चालू लागायचे, पण तोवर व्हायची ती शोभा झालेली असायची.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या इंजिनात एक लोखंडी साखळी बसवताना तिथला कामगार म्हणाला होता, "ही साखळी इंजिनाच्या मरणापर्यंत टिकते." त्यातला मरण हा शब्द मला मुळीच आवडला नाही. मी तेव्हापासून भित्री आहे.

पुढे मला बाबांनी, म्हणजे माझ्या पहिल्या मालकांनी, घेतले. रुग्णालयाच्या चादरी धुण्याची त्यांची लाँड्री होती. रोज सकाळी सातच्या आत परीटघडीच्या चादरी रुग्णालयाच्या मागच्या दाराशी पोचवायच्या आणि मळलेल्या परत आणायच्या, हे आमचे काम. अठरा वर्षांत एकदाही आम्ही उशीर केला नाही. मागच्या दाराशी उभ्या असणाऱ्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "या गाडीवर घड्याळ लावून घ्यावं." ते ऐकून माझे टायर फुगायचे बाकी राहत.

बाबांची एक पद्धत होती. ते किल्ली फिरवत आणि समोरचा तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत पायाने काहीही दाबत नसत. दिवा एक म्हणेपर्यंत विझायचा. मग मला हलकेच थोपटून ते निघत. लाँड्रीतल्या यंत्रांच्या घरघरीत त्यांचे कान हळूहळू गेले आणि त्यांनी गाडी चालवणे सोडले. तेव्हापासून त्यांची मुलगी मला चालवते. मी तिला मालकीण म्हणते.

मालकीण कामाला चोख. माझे तेल ती वेळच्या वेळी स्वतः बदलते. गेल्या खेपेला नेहमीचा तेलाचा फिल्टर दुकानात नव्हता. दुकानदाराने दुसरा दिला आणि म्हणाला, "घ्या, हाही बसतो." तो बसलाही. त्यानंतर काही दिवसांतच माझा खडखडाट सुरू झाला. मला वाटले, कारखान्यातला तो माणूस म्हणाला होता ते आता आले. माझी पाचावर धारण बसली.

पहिल्यांदा आवाज दोन सेकंदांचा होता. शेजारच्या काकांनी सल्ला दिला, "म्हाताऱ्या गाडीला जाड तेल घालावं." मालकिणीने मोठ्या मायेने जाड तेल घातले, आणि दोनाचे चार सेकंद झाले. गल्लीतल्या मुलांनी माझे नाव खुळखुळा ठेवले. समोरच्या तळमजल्यावरची बाई खिडकीतून म्हणाली, "अहो, बाळ रोज दचकून उठतंय हो." ती रागावून बोलली असती तर परवडले असते. ती काकुळतीला येऊन बोलली, म्हणून मालकिणीला जास्त लागले.

मग आम्ही मिस्त्रींकडे गेलो. कोणाच्या दारात खडखडत कसे जायचे, म्हणून मालकिणीने मला आधी पाच मिनिटे चालू ठेवून गरम केले. तुम्ही पाहुण्यांकडे जाताना तोंड धुऊन, केस विंचरून जाता ना, तसे. मिस्त्रींनी बॉनेट उघडून कान लावला.

"आवाज कुठाय?"

"सकाळी येतो हो. अगदी मोठा येतो."

"आत्ता तर शिलाई मशीनसारखी चालतेय."

असे तीनदा झाले. तिन्ही वेळा ती मला गरम करूनच घेऊन गेली. मी ओरडून सांगणार होते, पण ओरडायचे तेव्हा मी गप्प आणि गप्प राहायचे तेव्हा माझा खुळखुळा. शेवटी मिस्त्रींनी विचारले, "कसा आवाज येतो, ते तरी सांगा."

"पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा."

मिस्त्रींनी हात पुसले. "मग बेअरिंग गेलं असणार. इंजिन उघडावं लागेल, आणि या वयात उघडून परत नीट जुळेल याची मी खात्री देत नाही. एखाद्या सकाळी वाटेत जॅम झालं, तर चादरी रस्त्यावर राहतील."

गॅरेजच्या कोपऱ्यात दारे आणि इंजिन काढून घेतलेली एक गाडी विटांवर उभी होती. मी तिच्याकडे बघायचे नाही असे ठरवले होते, पण मागे वळताना ती माझ्या आरशात आलीच. घरी आल्यावर मालकिणीने भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी सकाळी येऊन घेऊन जा, म्हणाली. फोन ठेवल्यावर ती माझ्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली.

मित्रांनो, इथे मला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती फक्त मला माहीत होती. रोज सकाळी मालकीण उठायच्या आधी बाबा अंगणात येत, माझ्या मागच्या दाराला धरून उभे राहत आणि दुसरा हात छातीवर दाबत. त्यांचा श्वास तोकडा पडे. कपाळावर घाम येई. जरा वेळाने ते कट्ट्यावर बसत, थर्मासमधला चहा घेत, आणि मालकीण बाहेर येऊन "झोप लागली का?" असे खुणेने विचारी तेव्हा म्हणत, "झकास." डॉक्टरांकडे ते दुपारी चारला जात, इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टरांना दोन विनोद सांगून परत येत. डॉक्टर म्हणत, ठणठणीत आहात. मला हे बघून धास्ती वाटे, पण मी कोणाला सांगणार?

शनिवारी मालकिणीने पाटीवर लिहून बाबांना भंगारवाल्याचे सांगितले. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"मिस्त्रीनं आवाज ऐकला?"

तिने मान हलवली. नाही.

"मग कशावरून बेअरिंग? उद्या सकाळी मिस्त्रीला इथं बोलाव. आणि तोवर गाडीला हात लावू नकोस. मला ती गार हवी."

रविवारी सहाला मिस्त्री डोळे चोळत आले. बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. त्याचे टोक त्यांनी माझ्या इंजिनावर टेकवले आणि लाकडी मूठ दातांत धरली. मिस्त्री म्हणाले, "काका, पंख्यापासून लांब." बाबांना ऐकू गेले नाही, पण ते लांबच होते. मालकिणीने किल्ली फिरवली.

मी खडखडले. लपवायला जागाच नव्हती. बाबांनी घाईने टोक खाली लावले, मग पुढे साखळीच्या झाकणावर लावले, आणि मूठ तोंडातून काढून बोट दाखवले.

"खाली, बेअरिंगपाशी, काही नाही. हे इथं आहे. माझ्या दाढेत कळलं."

मिस्त्रींची झोप उडाली. "तेलाचा दिवा किती वेळ होता?"

"चार म्हणेपर्यंत," मालकीण म्हणाली. बाबांना तिने लाल दिवा दाखवून चार बोटे वर केली.

"माझ्या वेळी एकाला जायचा," बाबा म्हणाले.

"मग बेअरिंग नाही हो," मिस्त्री म्हणाले. "साखळी ताणून धरणारा भाग तेलाच्या जोरावर चालतो. तेल वर पोचायला उशीर होतोय, तोवर साखळी सैल राहून आपटतेय. बंद करा. दोन तास थांबू."

दोन तासांनी त्यांनी फिल्टर काढला. तो तेलाने भरलेला असायला हवा होता. त्यातून चमचाभर तेल पडले. मिस्त्रींनी आत बोट घातले. तेल अडवून धरणारी रबराची झडपच त्यात नव्हती. गाडी उभी राहिली की सगळे तेल तळाला उतरत होते, आणि जाड तेलाला सकाळी परत वर चढायला आणखी वेळ लागत होता.

मालकिणीचा चेहरा उतरला. "हा मीच बसवला."

"तुम्हाला तो दिला, तुम्ही बसवला. पण तिन्ही वेळा गाडी गरम करून आणलीत, मग मी ऐकणार काय?" मिस्त्री म्हणाले. मग बोटाचे तेल पुसत म्हणाले, "मीही न ऐकताच बोललो म्हणा."

त्यांनी योग्य फिल्टर बसवला, माझ्या पुस्तकात लिहिलेले पातळ तेल घातले, आणि जाताना म्हणाले, "एवढ्या दिवसांत साखळीच झिजली असेल, तर मात्र इलाज नाही. ते उद्या गार असतानाच कळेल."

तो रविवार मी कसा काढला ते विचारू नका.

सोमवारी भंगारवाला सांगितल्याच्या आधीच आला. बाबा नुकते अंगणात आले होते. भंगारवाल्याने माझ्या पुढच्या हुकाला दोर बांधलासुद्धा. दोर ताणला गेला तशी मी गारठून गेले. मालकीण आत बसली. तिने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. एक.

विझला.

"बाई, एकदा चालू करून दाखवा तरी," भंगारवाला म्हणाला.

"चालूच आहे."

त्याने बॉनेटवर हात ठेवला, माझ्याकडे बघितले आणि मुकाट्याने दोर सोडला. मालकीण हसत बाबांना सांगायला माझ्या मागे धावली, आणि तिथेच थांबली. बाबा मागच्या दाराला धरून उभे होते. एक हात छातीवर. आज चहा घ्यायला, घाम पुसायला वेळच मिळाला नव्हता.

"हे रोज होतं?" तिने विचारले. मग भानावर येऊन पाटीवर लिहिले.

"चहा घेतला की जातं. डॉक्टर म्हणालेत ना, ठणठणीत आहे."

तिने त्यांच्याकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले. कट्ट्यावरचा थर्मास तिने उचलला नाही. माझे पुढचे दार उघडून तिने लिहिले, "बसा. असेच चला."

मित्रांनो, हे सगळे मी तुम्हाला रुग्णालयाच्या मागच्या दाराशी उभी राहून सांगते आहे. चादरी वेळेत उतरल्या. मोठ्या सिस्टरांनी बाबांचा घामेजला चेहरा बघितला, त्यांना लगेच खुर्चीत बसवून आत नेले, आणि मालकीण मागोमाग गेली. त्याला आता दोन तास झाले. माझे इंजिन हळूहळू गार होते आहे आणि मला भीती वाटते आहे. या वेळी ती माझ्यासाठी नाही.

तुमच्या घरातही कोणी सकाळी क्षणभर भिंतीला धरून उभे राहत असेल. ते हसून समोर येईपर्यंत थांबू नका. तेव्हाच जवळ जा. आणि आत्ता या दाराजवळून जाणार असाल, तर जरा हळू जा. बाबांची पावले ऐकू येतात का, ते मी ऐकते आहे.