तपासणीच्या आधीचे दोन दिवस

रक्तदाबाच्या यंत्रात नव्या बॅटऱ्या घातल्या, तेव्हा नुनिंगच्या मनात कसली शंकाही नव्हती. वाडीतल्या म्हाताऱ्यांची महिन्याची तपासणी आठ दिवसांवर होती. ती वाडीची आरोग्यसेविका, म्हणून यंत्र तिच्याच घरी असायचं. पोराला पाळण्यात डुलकी लागली होती, तेवढ्यात हे काम उरकून घ्यावं, इतकंच.

"सिम्बोक, हात दे जरा. यंत्र चालतंय का बघते."

सिम्बोक, म्हणजे तिची आई वागियेम, ओसरीवर बसून मेलिंजोच्या भाजलेल्या बिया आज डाव्या हाताने दगडावर ठेचत होती. पापडासाठी. सकाळी बसली की दुपारपर्यंत उठायची नाही.

"आत्ता नको," ती घाईने म्हणाली. "तपासणीला देईन की."

"अगं, पट्टा तर बांधायचाय. हात काय झिजणार आहे तुझा?"

यंत्र गुरगुरलं आणि थांबलं. वरचा आकडा दोनशे तीन.

"बिघडलंय ते," आई म्हणाली.

नुनिंगने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे बारा. पुन्हा आईच्या. दोनशे सात.

तिने फडताळातून आईचं कार्ड काढलं. दोन वर्षांचे आकडे, सगळे तिच्याच अक्षरात. एकशे तीस. एकशे अठ्ठावीस. एकशे बत्तीस. वाडीतलं सगळ्यात छान कार्ड.

"सिम्बोक, खरं सांग. काय करतेस तू?"

"काय करणार? परीक्षेच्या आधी अभ्यास करतातच की." आई हसली, पण नजर दगडावर. "दोन दिवस नुसती काकडी नि बिनमिठाचा भात. चहा बंद, खारी मासळी बंद, लवकर झोपायचं. आणि शेजारची तुकिनेम रक्तदाबाच्या आपल्या गोळ्यांतली एक देते."

"दुसऱ्याची गोळी?"

"आम्ही सगळ्याच तसं करतो गं! नाहीतर लोक काय म्हणतील? सेविकेची स्वतःची आईच आजारी. तुझं नाक नको का राहायला?"

नुनिंगने ओसरीवरून नजर फिरवली. रोजचंच सगळं, पण आज एकत्र दिसलं. साखरेने घट्ट झालेला चहा, दिवसाला पाच ग्लास. भाताबरोबर खारी मासळी. ओठाखाली तंबाखूचा गोळा. पहाटेपर्यंत उशाशी रेडिओवर वायांग, बाहुल्यांचा खेळ. स्कूटर आल्यापासून बाजारला पायी जाणं बंद, आणि उरलेला दिवस या पाटावर. एकेक पाहिलं तर कुणाच्याही घरात असतं. पण हे सगळं मिळून वर्षानुवर्षं आईच्या अंगात बसलं होतं, आणि महिन्यातून दोन दिवस तेवढं दाराबाहेर उभं राहत होतं. नेमका त्या दोन दिवसांनंतरचा आकडा नुनिंग कौतुकाने लिहीत आली होती.

आणि याच आईच्या कडेवर पोराला देऊन ती रोज घराबाहेर पडत होती.

"बरं, नको ओरडूस. पोर उठेल," म्हणत आईने चहाचा ग्लास उचलला. तो तिच्या बोटांतून सरळ निसटला. फुटला. आई उजव्या हाताकडे परक्यासारखी बघत राहिली.

"हात सकाळपासून झोपलाय मेला."

"सकाळपासून? आणि मला आत्ता सांगतेस?"

नुनिंगने पोर उचलून कुंपणावरूनच तुकिनेम आजीच्या हातात दिलं. नुनिंगचा चेहरा पाहून आजीच पांढरी पडली. आईला स्कूटरवर मागे बसवलं, पण तिचा उजवा हात धरेना. नुनिंगने पोराला बांधायचं सेलेंदांगचं लांब कापड दोघींच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि पोटाशी गच्च गाठ मारली.

"पडेन मी अशी?" आई पुटपुटली.

"बोलत राहा. बाजाराचे पाचही वार म्हण. मोठ्याने."

"लहान आहे का मी?"

"म्हण गं, सिम्बोक!"

"लेगी... पाहिंग..." शेतं मागे पळत होती. "पोन..."

पुढे काही नाही. पाठीवरचं ओझं एकाएकी वाढलं. पुढचा होता वागे, आई ज्या वारी जन्मली आणि ज्यावरून तिचं वागियेम नाव पडलं तो वार.

"पुढचा कुठला? सिम्बोक! पुढचा?"

आरोग्य केंद्राच्या फाटकात शिरताना मानेजवळ शब्द आला, जड, चिखलातून ओढल्यासारखा. "वा...गे."

परिचारिका चाकांची खाट घेऊन धावत आली. नुनिंगने गाठ सोडली, आईला खाटेवर निजवलं आणि कमरेला खोचून आणलेलं कार्ड काढलं. परिचारिकेने तिच्या हातातलं कार्ड घेतलं, भुवया उंचावल्या. "ताई, रक्तदाब तर छान आहे यांचा. दोन वर्षं."

वाडीतले दोघे-तिघे बाकावर बसले होते. सगळे तिच्याकडे बघत होते. आईचा चांगला हात तिच्या बाहीला हलकेच ओढत होता. सांगू नकोस म्हणून.

"ते कार्ड खोटं आहे," नुनिंग म्हणाली. "मीच लिहिलंय. आज दोनशे सात आहे, हात सकाळपासून गेलाय, आणि दुसऱ्याच्या गोळ्या घेते ती. लवकर करा."

आईने बाही सोडली. आपण होऊन सोडली की हात गळला, ते नुनिंगला कळलं नाही. खाट आत वळली, आणि नुनिंग आईचा हात धरून तिच्याबरोबर धावत राहिली.